ग्रंथालय-सेवकांची शिफारस : पुस्तक, प्रयोग आणि वाचक

ग्रंथालयशास्त्रावरील मराठी लेखनात वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथांची निगा आणि संस्थेचा कारभार ह्या विषयांना भरपूर जागा मिळालेली आहे. देवघेवीच्या मेजापाशी दररोज घडणाऱ्या एका साध्या प्रश्नोत्तराला मात्र त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. वाचक घेतलेले पुस्तक परत करतो, क्षणभर घुटमळतो आणि विचारतो, "काही चांगलं आहे का हो वाचायला?" ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तालिकेत सापडत नाही. ग्रंथकाराचे नाव, ग्रंथनाम आणि विषय ह्या तीन वाटांनी तालिका वाचकाला पुस्तकापर्यंत नेते. पण ज्याला ह्या तिहींपैकी काहीच ठाऊक नाही, त्याच्यापुढे ती मुकी असते. तेथे मेजापलीकडच्या माणसालाच बोलावे लागते. त्याने काय बोलावे, कोणत्या अधिकाराने बोलावे, आणि पुस्तकाबरोबरच नाटक, चित्रपट, दूरचित्रवाणीवरील मालिका ह्यांविषयीही बोलावे काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बोलण्याचा हा अधिकार ग्रंथपालाला सुरुवातीपासून होता असे नाही. ग्रंथपाल म्हणजे भांडाराचा रक्षक, ही कल्पना दीर्घकाळ रूढ होती. तिला पहिला उघड छेद दिला तो अमेरिकेतील वूस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन ह्यांनी. १८७६ साली लिहिलेल्या आपल्या निबंधात त्यांनी ग्रंथपाल आणि वाचक ह्यांच्या व्यक्तिगत संबंधांचा प्रश्न उपस्थित केला. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाणे जसे दुकानदाराला रुचत नाही, तसेच वाचक उत्तर न मिळता परत जाणे ग्रंथपालाला रुचू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तुलना बाजारी खरी, पण अचूक आहे. मात्र ह्या आपुलकीच्या पोटी एक गुरुभावही दडलेला होता. त्या काळच्या ग्रंथालयांना कादंबरी हे एक व्यसन वाटे. वाचकाला हलक्या कादंबरीकडून भारी कादंबरीकडे आणि तेथून इतिहास-चरित्राकडे न्यावयाचे, ही त्यांची सेवेची कल्पना होती.

१९२०नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या ग्रंथालयांतून 'वाचक-सल्लागार' नेमले जाऊ लागले तेव्हाही ही दृष्टी फारशी बदललेली नव्हती. सल्लागार वाचकाची मुलाखत घेत, त्याचे शिक्षण आणि उद्दिष्ट विचारीत आणि त्याच्यासाठी पुस्तकांची क्रमवार यादी तयार करून देत. प्रौढशिक्षणाचाच तो एक प्रकार होता. पुढे ही सेवा क्षीण झाली, आणि १९८०नंतर ती पुन्हा वर आली ती मात्र वेगळ्याच रूपात. बेटी रोझेनबर्ग ह्यांचा कादंबरीप्रकारांवरील ग्रंथ १९८२ साली आणि जॉइस सॅरिक्स व नॅन्सी ब्राउन ह्यांचा वाचक-सल्लागार सेवेवरील ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. वाचकाची अभिरुची सुधारण्याची भाषा आता मागे पडली होती. मनोरंजनासाठी वाचणे हेही वाचणेच आहे, आणि रहस्यकथेच्या वाचकाला दुसरी चांगली रहस्यकथा शोधून देणे हेही विद्वत्तेचेच काम आहे, ही भूमिका येथे प्रथमच निःसंकोचपणे मांडली गेली. २०१३पासून तर अमेरिकेतील ग्रंथालय-सेवक मते देऊन दरमहा नव्या आवडत्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध करू लागले. यादी समीक्षकांची नाही, विक्रेत्यांचीही नाही. पुस्तके हाताळणाऱ्यांची आहे, हेच तिचे वैशिष्ट्य.

परंतु ग्रंथपालाच्या आवडीला अधिकार मिळाला की काय होऊ शकते, ह्याचेही उदाहरण अमेरिकेतच सापडते, आणि ते आपण विसरू नये. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर ह्या बालग्रंथालयांच्या इतिहासातील फार मोठ्या कर्त्या बाई. मुलांना पुस्तक घरी नेऊ द्यावे, त्यांच्या उंचीची आसने असावीत, त्यांना गोष्टी सांगाव्यात, हे आज स्वाभाविक वाटणारे सारे त्यांनी आग्रहाने रुजविले. नाताळच्या सुमारास त्यांच्या विभागाकडून निघणाऱ्या शिफारस-यादीची प्रकाशक वाट पाहत असत. त्या १९४१ साली निवृत्त झाल्या, पण त्यांच्या मताचे वजन निवृत्त झाले नाही. १९४७ साली मार्गारेट वाइज ब्राउन ह्यांचे 'गुडनाइट मून' हे लहानग्यांसाठीचे चित्रपुस्तक निघाले. ते मूर ह्यांच्या अभिरुचीत बसणारे नव्हते, आणि त्या ग्रंथालयाने ते १९७२पर्यंत घेतले नाही. २०२० साली आपल्या सव्वाशेव्या वर्षानिमित्त ह्याच ग्रंथालयाने सर्वाधिक वेळा घरी नेल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली. पहिला क्रमांक एझ्रा जॅक कीट्स ह्यांच्या 'द स्नोई डे' ह्या बालपुस्तकाचा होता. 'गुडनाइट मून' दहांत नव्हते. मात्र पंचवीस वर्षे ते ग्रंथालयातच नव्हते म्हणून दहांत येऊ शकले नाही, अशी कबुली देऊन त्याचा स्वतंत्र उल्लेख करण्यात आला. ज्या बाईंनी मुलांसाठी दारे उघडली, त्यांच्याच आवडीने एका पुस्तकापुरते दार पाव शतक बंद राहिले. शिफारस आणि निवड ह्या दोन गोष्टी एकाच हाती एकवटल्या की हा धोका निर्माण होतो. 'हे मला आवडले' असे म्हणण्याचा हक्क ग्रंथालय-सेवकाला अवश्य असावा. 'मला आवडले नाही म्हणून येथे ते नाही' असे म्हणण्याचा नसावा.

आता आपल्या देशाकडे वळू. पुस्तक आणि दृश्य प्रयोग ही दोन्ही ग्रंथालयाचीच अंगे होत, हा विचार आपल्याकडे परका नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. ह्या खात्याची एक शाखा दृश्य शिक्षणासाठी होती. चलच्चित्रे, जादूचा कंदील आणि दोन भिंगांतून पाहावयाची घनचित्रे घेऊन ही शाखा खेड्यापाड्यांत जाई. निरक्षर शेतकरी ग्रंथालयाच्या संपर्कात येई तो अनेकदा पुस्तकाच्या आधी चित्रातून. १९१२ साली सुरू झालेले ह्या चळवळीचे 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे, हेही मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बडोद्याच्या फिरत्या ग्रंथालयांतून पुस्तकांच्या पेट्या गावोगावी जात. ह्या पेट्यांचा इतिहास सांगताना त्यांच्या संख्येचा हिशेब बहुधा दिला जातो. पण पेटीत कोणती पुस्तके भरावयाची हे कोणीतरी ठरवीत असे, आणि ज्या गावात दुसरे पुस्तकच नाही तेथे पेटी भरणाऱ्याची निवड हीच गावाची सारी वाचनसृष्टी होत असे, ह्या गोष्टीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९पासून चालविलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' ह्या उपक्रमातही शंभर पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते. शतकभराच्या अंतराने पेटी तीच आहे, आणि ती भरणाऱ्याची जबाबदारीही तीच.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् ह्यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत हा सारा विषय दोन वाक्यांत बसविला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे दुसरे सूत्र; प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे तिसरे. दुसऱ्या सूत्राचे कौतुक पुष्कळ होते. तिसरे अधिक अवघड आहे, कारण ते ग्रंथाची बाजू घेऊन उभे राहते. कपाटात दहा वर्षे कोणी न हात लावलेल्या पुस्तकाचाही कोठेतरी एक वाचक आहे, आणि त्याला हुडकणे हे सेवकाचे कर्तव्य आहे, असे ते बजावते. बसल्या जागी मागणीची वाट पाहणारा सेवक दुसरे सूत्र कसेबसे पाळू शकेल. तिसरे पाळण्यासाठी त्याला उठून वाचकाकडे जावे लागेल. रंगनाथन् गणिताचे अध्यापक होते हे ह्या सूत्रांच्या रचनेवरून सहज जाणवते : दुसरे आणि तिसरे ही एकाच विधानाची दोन टोके आहेत.

ह्या सूत्रांची मोठी सार्वजनिक कसोटी लागली ती युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली उघडलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयात. जुन्या दिल्लीच्या रेल्वेस्थानकासमोर उभ्या राहिलेल्या ह्या ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धती होती. नवसाक्षर, मुले आणि प्रौढ एकाच छपराखाली येत. आणि वाचनाबरोबर व्याख्याने, चर्चामंडळे, नाट्यप्रयोग व चित्रपटदर्शन हेही ग्रंथालयाचेच काम मानले जाई.

महाराष्ट्रातील परंपरा अधिक जुनी, पण तिची घडण निराळी आहे. रत्नागिरी, नगर, नाशिक, पुणे येथील वाचनालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. वर्गणीदार सभासदांच्या बळावर ती वाढली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली देशातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला आणि महाराष्ट्र राज्याने १९६७ साली आपला. ह्या सर्व काळात अनेक वाचनालयांतून कपाटे आत आणि वाचक बाहेर अशीच रचना राहिली. वाचकाने क्रमांक लिहून द्यावयाचा आणि सेवकाने पुस्तक आणून द्यावयाचे. ह्या बंदिस्त पद्धतीचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. तिचा एक अनपेक्षित गुण असा की तिने सेवकाला बोलावयास लावले. मागितलेले पुस्तक बाहेर गेले असेल तर रिकाम्या हाताने परतण्याऐवजी तो दुसरे एखादे घेऊन येई आणि म्हणे, "ते नाही, पण हे बघा नेऊन." आपल्याकडील शिफारस-सेवा अशी जन्माला आली. तिच्यासाठी कोणी पद निर्माण केले नाही, अभ्यासक्रम आखला नाही. आणि ती करणाऱ्यांत ग्रंथपालाइतकाच, किंबहुना अधिकच, वाटा कपाटांमधून वावरणाऱ्या शिपायाचा होता. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर जाते आणि कोणत्या घरातून त्याची पाने दुमडून परत येतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

शिफारस ही प्रत्यक्षात कशी करावी? अनुभवी सेवक जे उपजत बुद्धीने करतो त्याला सॅरिक्सबाईंनी शास्त्राचे रूप दिले आहे. त्यांचे म्हणणे असे की वाचकाला विषय आवडतो असे आपण समजतो, पण पुष्कळदा त्याला आवडलेली असते ती पुस्तकाची गती, त्यातील माणसे, कथानकाची मांडणी किंवा त्यातील वातावरण. म्हणून 'तुम्हाला काय हवे?' असे न विचारता 'शेवटी कोणते पुस्तक आवडले, त्याविषयी सांगा' असे म्हणावे, आणि वाचक बोलू लागला की ऐकावे.

रणजित देसाई ह्यांच्या 'स्वामी'चे उदाहरण घेऊ. १९६२ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आवडली असे सांगणारे वाचक एकाच जातकुळीचे नसतात. एकाला तीत पेशवाई भेटलेली असते : दरबार, मोहिमा, काका-पुतण्यांचा कलह. त्याला ना. सं. इनामदार ह्यांची 'राऊ' किंवा विश्वास पाटील ह्यांची 'पानिपत' द्यावी. दुसऱ्याला, आणि अनेकदा दुसरीला, माधवराव आणि रमाबाई ह्यांचे सहजीवन आणि त्याचा अकाली अंत ह्यांनी ग्रासलेले असते. तिच्या हाती 'पानिपत' ठेवणे म्हणजे तिचे म्हणणे न ऐकणे होय. तिला कादंबरीच्या मांडणीवरून उठून १९१० साली प्रसिद्ध झालेल्या रमाबाई रानडे ह्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'पर्यंत नेता येते. नाव तेच, काळ वेगळा, आणि पतीबरोबर वाढत गेलेल्या एका स्त्रीचे मन तिच्याच शब्दांत. २०१२ साली सुरू झालेली 'उंच माझा झोका' ही मालिका ह्याच रमाबाईंच्या जीवनावर होती, हे सांगितले की पुस्तक एकदम परिचयाचे होते. तिसऱ्या वाचकाला 'स्वामी'ची भारदस्त, अलंकृत भाषा आवडलेली असते. त्याच्यासाठी खांडेकरांचा 'ययाति' आहे. वर्गीकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ह्या तीन शिफारशी तीन निरनिराळ्या कपाटांतल्या आहेत. वाचकाच्या दृष्टीने तिन्ही 'स्वामी'च्या शेजारच्या आहेत. ग्रंथालयातील हे दुसरे, अदृश्य वर्गीकरण केवळ सेवकाच्या डोक्यात असते.

येथवर पुस्तकांविषयी झाले. नाटक-चित्रपटांची शिफारस ग्रंथालयाने का करावी, असा आक्षेप काही ज्येष्ठ मंडळी घेतात. लोक वाचत नाहीत ते ह्या पडद्यामुळेच, आणि त्याचीच जाहिरात ग्रंथालयाने करावयाची काय, असे त्यांचे म्हणणे. ह्या आक्षेपाला इतिहासाचे पाठबळ नाही. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे स्वतःचे नाट्यगृह आहे. मराठीत तर पुस्तक आणि प्रयोग ह्यांची ये-जा इतकी सतत चालू असते की एकाविषयी बोलताना दुसरे वगळताच येत नाही. पु. ल. देशपांडे ह्यांची 'बटाट्याची चाळ' आधी पुस्तक होती आणि मग रंगमंचावर आली. दिलीप प्रभावळकर ह्यांचा 'बोक्या सातबंडे' आधी आकाशवाणीवर बोलला, मग पुस्तकात उतरला आणि नंतर पडद्यावर गेला. वाचक ग्रंथालयात पुष्कळदा प्रयोग पाहूनच येतो. त्या क्षणी त्याला योग्य पुस्तक मिळाले तर तो वाचक होतो, आणि चुकीचे मिळाले तर पुन्हा येत नाही.

चुकीचे कसे मिळते ह्याचा मासला पाहा. २०१८ साली आलेला 'तुंबाड' हा भयपट पाहून एखादा तरुण त्या नावाचे पुस्तक मागतो. तालिकेत त्या नावाशी जुळते ते श्री. ना. पेंडसे ह्यांचे 'तुंबाडचे खोत'. दोन जाडजूड खंड त्याच्या हाती पडतात. कोकणातील एका खोत घराण्याच्या पिढ्यांची ती कहाणी. पुस्तक मराठीतील मोठ्या कादंबऱ्यांपैकी. पण त्या तरुणाला हवे होते ते भय त्यात नाही. चित्रपटाने पेंडशांकडून घेतले ते नाव. भयाचे बीज नारायण धारपांच्या कथेतले आहे. हे ज्या सेवकाला ठाऊक आहे तो आधी धारपांचे एखादे पुस्तक देईल आणि वर म्हणेल, "हे आवडलं तर त्या गावाच्या नावाची एक फार मोठी गोष्टही आपल्याकडे आहे, ती नंतर कधीतरी न्या." धारप वाचून संपल्यावर त्यांतला एखादा पेंडशांकडे वळेलही. हाच घोटाळा 'रणांगण' ह्या नावाबाबत होतो. विश्राम बेडेकर ह्यांची १९३९ सालची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील बोटीच्या प्रवासात घडते. विश्वास पाटील ह्यांचे त्याच नावाचे नाटक 'पानिपत'वर आधारलेले आहे. नाव उच्चारणाऱ्या वाचकाला ह्या दोहोंपैकी काय हवे आहे, हे विचारल्यावाचून कळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. २०१७ सालच्या 'फास्टर फेणे' ह्या चित्रपटातील नायक वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे, भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा शाळकरी मुलगा. चित्रपट पाहून आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला हा फरक आधीच सांगितला तर त्याचा हिरमोड होत नाही. उलट आपल्याच वयाचा फेणे भेटणार म्हणून तो खूश होतो. दुसरी सावधगिरी सेवकाने स्वतःविषयी बाळगावी. मुलांना पुस्तक सुचविताना आपण पुष्कळदा आपले बालपण सुचवीत असतो. 'श्यामची आई' हे त्याचे ठळक उदाहरण. साने गुरुजींनी कारागृहात लिहिलेल्या ह्या पुस्तकावरील अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि दोन-तीन पिढ्या त्याने रडविल्या. ते मुलांना द्यावेच. पण मुलाला गणपतीच्या आरतीसारखे ते पाठ झालेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. त्याच्या शेजारी माधुरी पुरंदरे ह्यांची चित्रमय पुस्तके ठेवावीत, नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलेले 'तोत्तोचान' ठेवावे, रत्नाकर मतकरींची बालनाट्ये ठेवावीत. नाटकाचे पुस्तक मुले सहसा एकटी वाचत नाहीत, चौघे मिळून वाटून घेतात. ग्रंथालयात गोंगाट होतो, तो होऊ द्यावा.

कुमारवयीन वाचक हा सर्वांत अवघड. तो मोठ्यांच्या कपाटापाशी रेंगाळतो आणि बालविभागाचे नाव काढले की रागावतो. मिलिंद बोकील ह्यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ सालची. तिच्यावरून 'गमभन' हे नाटक झाले आणि मग चित्रपटही. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची ही गोष्ट आजच्या मुलालाही आपली वाटते. येथे शिफारशीचा क्रम कोणताही चालतो : चित्रपट पाहून पुस्तकाकडे, किंवा उलट. मात्र ह्या वयाच्या मुलाला पुस्तक हातात देण्यापेक्षा त्याच्या दृष्टीस पडेल असे ठेवणे अधिक फलदायी ठरते. सुचविलेले त्याला नको असते; सापडलेले हवे असते.

वृद्ध वाचकांविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे, तो असा की त्यांना अध्यात्मच हवे असते. ज्यांनी तारुण्यात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडला त्यांना सत्तरीतही रहस्यच हवे असते; फक्त अक्षर मोठे आणि पुस्तक हलके हवे. दृष्टी अधू झालेल्यांसाठी २०१७नंतर मराठीत वाढलेली श्राव्य पुस्तके हे वरदानच आहे. सिअ‍ॅटलच्या प्रसिद्ध ग्रंथपाल नॅन्सी पर्ल ह्यांनी सर्व वयांसाठी एक सोयीचा नियम सांगितला आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला पन्नास पाने संधी द्यावी. पन्नाशीनंतर आपले वय शंभरातून वजा करावे, उरतील तितकीच पाने वाचावीत, आणि मन रमले नाही तर निर्धास्त मिटावे. म्हणजे सत्तर वर्षांच्या वाचकाने तीस पाने. वयाबरोबर वेळ मोलाचा होत जातो, हा त्यामागील हिशेब. (ह्याच बाईंची एक खेळण्यातील बाहुली २००३ साली बाजारात आली, तिचे बोट ओठांवर 'गप्प' म्हणून जाते. आयुष्यभर वाचकांशी बोलत राहिलेल्या व्यक्तीला ही गंमत पत्करावी लागली.)

महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांपुढे ह्या प्रश्नाचे एक वेगळेच रूप उभे राहते, आणि प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांना ते अधिक जवळचे वाटेल. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली येथील मराठी मुलगा शाळेत हिंदी शिकतो, म्हणजे देवनागरी वाचतो; त्याची अडचण शब्दसंपदेची असते. बडोद्याच्या मुलाला घरात मराठी ऐकावयास मिळते, पण त्याचा डोळा गुजराती लिपीला सरावलेला असतो. हैदराबाद वा बंगळूर येथील मुलाला देवनागरीची ओळख असते, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या भाषेची लिपी म्हणून. परदेशातील मुलाला तीही बहुधा नसते. ह्या चौघांना एकच पुस्तक सुचविणे म्हणजे औषध न पाहता सर्वांना सारखीच मात्रा देणे होय. ज्याला लिपी येते त्याला सोपे पुस्तक आधी द्यावे. ज्याला केवळ कान आहे त्याला आधी नाटक, चित्रपट वा श्राव्य कथा द्यावी, आणि ओळखीच्या झालेल्या त्याच कथेचे पुस्तक मग हातात ठेवावे. कथा ठाऊक असली की लिपीचा अडसर निम्मा होतो. महाराष्ट्रात ज्याला 'पडद्याचे आक्रमण' म्हणतात तेच बृहन्महाराष्ट्रात वाचनाचे प्रवेशद्वार ठरते. तेथील ग्रंथालयांनी दोन्हींची यादी एकाच फलकावर लावावयास हरकत नसावी.

आजच्या काळात हे सारे यंत्रे करीत आहेत, तेव्हा सेवकाची गरज काय, असाही एक प्रश्न विचारला जातो. 'ज्यांनी हे घेतले त्यांनी तेही घेतले' हे यंत्राचे तत्त्व. खप मोठा असेल तेथे ते चांगले चालते. मराठीतील जे पुस्तक वर्षातून तिघांनीच नेले त्याविषयी यंत्राजवळ सांगण्यासारखे काहीच नसते, आणि रंगनाथनांचे तिसरे सूत्र नेमके अशाच पुस्तकासाठी आहे. शिवाय यंत्र वाचकाचे सारे लक्षात ठेवते. सेवकानेही लक्षात ठेवावे, पण गावभर करू नये. कोणी दुर्धर आजारावरील पुस्तक नेले, कोणी घटस्फोटाच्या कायद्यावरील, हे मेजाच्या अलीकडे येता कामा नये. लहान गावात, जेथे ग्रंथपाल वाचकाच्या मामाला ओळखतो, तेथे हे पथ्य पाळणे महानगरापेक्षा कठीण आहे.

मुख्य अडचण मात्र यंत्राची नाही. ज्याने वाचले नाही तो सुचविणार काय? महाराष्ट्रात हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतील पुष्कळांचे, विशेषतः खेड्यांतील लहान ग्रंथालयांचे सेवक तुटपुंज्या वेतनावर काम करतात. नोंदवह्या, दाखल अंक, अनुदानाचे अहवाल ह्यांत त्यांचा दिवस जातो, आणि अनेकांना उपजीविकेसाठी दुसरे काम धरावे लागते. कामाच्या वेळात सेवक पुस्तक वाचताना दिसला तर समितीचे सभासद त्याला कामचुकार समजतात, ही स्थितीही दुर्मीळ नाही. शिंप्याला कापड हाताळण्याची मनाई करावी तसाच हा प्रकार आहे. ज्या संस्थेला शिफारस-सेवा हवी असेल तिने सेवकाच्या वाचनाचा वेळ हा कामाचाच वेळ म्हणून मोजला पाहिजे. त्याला अनुदानाचे वेगळे शीर्ष लागत नाही. समितीचा एक ठराव पुरतो.

सेवा सुरू करण्यास साधनेही थोडीच लागतात. प्रत्येक सेवकाने, शिपायासह, दरमहा एक पुस्तक आणि एक नाटक वा चित्रपट निवडावा आणि पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तीन-चार ओळी लिहाव्यात. 'अप्रतिम', 'वाचनीय' हे शब्द टाळावेत. पुस्तक कशाविषयी आहे, कोणाला आवडेल आणि कोणाला कदाचित आवडणार नाही, एवढेच असावे. खाली नाव असावे, 'ग्रंथालयाची शिफारस' असे निनावी काही नसावे. मत माणसाचे आहे हे वाचकाला दिसले म्हणजे त्याला असहमत होण्याची मोकळीक मिळते. दोन महिन्यांनी कार्ड काढून घ्यावे, मग ते कितीही लोकप्रिय असो. आणि मेजावर एक साधी वही ठेवावी. सुचविलेले पुस्तक वाचकाने परत आणले की तो काय म्हणाला ते तीत टिपावे, वाचकाचे नाव न लिहिता : आवडले, अर्धे वाचले, भाषा जड वाटली, चित्रपटच बरा होता. न आवडल्याच्या नोंदी अधिक काळजीपूर्वक कराव्यात. वर्षाअखेरीस ही वही सर्व सेवकांनी एकत्र बसून वाचावी, आणि पुढील वर्षीच्या ग्रंथखरेदीच्या सभेत ती ग्रंथनिवड समितीपुढे ठेवावी.